दोन मोबाईल, एक पाटी

गोंदियाजवळच्या कुडव्यात ओमेशचं घर विचारलं की लोक आधी विचारतात, "कोणता ओमेश? साइटवाला?" आणि हे म्हणताना हल्ली त्यांच्या तोंडावर जे काही येतं ते बघवत नाही. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी हाच शब्द लोक असा उच्चारायचे की ओमेशच्या वडिलांची, बिसरामजींची, छाती फुगायची. पोरगा नागपूरला शिकला, पुण्याला पळाला नाही, गोंदियातच राहून मोबाईलवर चालणाऱ्या साइटी बनवतो, याचं त्यांना भारी कौतुक. साइट म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कधी कळलं नाही. पण त्यामुळे कौतुक काही कमी होत नव्हतं.

खरं सांगायचं तर ओमेश काही मोठा हुशार वगैरे नव्हता. मेहनती होता. राइस मिलच्या गाड्यांची नोंद, लग्नाच्या हॉलचं बुकिंग, कुणाच्या कोचिंग क्लासची हजेरी, जे काम येईल ते घ्यायचा आणि वेळेत करून द्यायचा. एकदा का काम चालू झालं की मग तो त्याच्याकडे वळून बघायचा नाही. चालणाऱ्या गोष्टीत हात कशाला घालायचा, असं त्याचं म्हणणं. हा त्याचा दोष म्हणा हवं तर. पण सांगा, आपल्यातला कोण घालतो?

त्याचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे इंद्रकुमारच्या लॅबची साइट. हा इंद्रकुमार बाजारात रक्त तपासायची लॅब चालवतो. खेड्यापाड्याहून लोक रक्त द्यायला यायचे आणि रिपोर्ट न्यायला पुन्हा एकदा बस धरून यायचे. ओमेशने त्यांचा तो हेलपाटा वाचवला. मोबाईलवर पावतीवरचा कोड टाका, रिपोर्ट हजर. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा पिता पिता माणूस आपली शुगर बघायला लागला, आणि ती बघून चहात आणखी साखर मागायला लागला. ते जाऊ द्या.

आता केशोरावांची बैठक समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आपल्या भागात सिकलसेलचा आजार रक्तातून येतो, हे काही कुणाला नवीन नाही. काही माणसं नुसती वाहक असतात. त्यांना स्वतःला त्रास नसतो. नवराबायकोत एकच वाहक असेल तर पोरांना आजार होत नाही. पण दोघंही वाहक निघाले, तर त्यांच्या एखाद्या पोराच्या नशिबी जन्मभराच्या कळा येतात. म्हणून लग्नाआधी रक्त तपासायचं. हे शहाणपण कोहमाऱ्याकडच्या पाचसहा गावांत आणि त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांत ज्यांनी रुजवलं ते हे केशोराव. समाजातले वडीलधारे, रागीट, पण मनाने स्वच्छ माणूस.

सुरुवातीला काय व्हायचं, एका बाजूचे लोक घरी बसून गुपचूप रिपोर्ट बघायचे आणि भलतंच निमित्त काढून सोयरीक मोडायचे. बोभाटा व्हायचा तो पोरीचा. केशोराव भडकले. त्यांनी नियम केला, की दोन्ही बाजूंचे कोड माझ्याकडे राहतील. सुपारी फोडायच्या बैठकीत दोन मोबाईल एका पाटावर ठेवायचे. मी एक, दोन, तीन म्हणेन. तीन म्हटलं की मुलाने आणि मुलीने एकदमच बटण दाबायचं. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. आणि एकदा बैठकीत दिसलं ते दिसलं, पुन्हा उघडून कुणी घोळ घालायचा नाही. चांगलाच नियम होता हो. कित्येक पोरींची बेअब्रू त्याने वाचली असेल.

फक्त एक झालं. ज्याने ती साइट बनवली, त्याने कधीच दोन मोबाईल घेऊन एकदम दाबून बघितलं नव्हतं. ओमेशने आपल्या खोलीत बसून, आपल्या एका मोबाईलवर, एकेक रिपोर्ट उघडून बघितला होता. प्रत्येक वेळी बरोबर आला होता.

दामिनी ही ओमेशची धाकटी बहीण. एका खाजगी शाळेत लहान पोरांना शिकवायची. मोठ्याने हसायची, इतकं की सुशिलाबाई, तिची आई, आतून ओरडायची, "हळू हस व, शेजारी काय म्हनतीन!" कोहमाऱ्याजवळच्या गावचा भूपेंद्र तिला बघून गेला. घरी धानाची शेती, खताबियाण्याचं दुकान, पोरगा सरळ. पसंती झाल्यावर दोघं रोज फोनवर बोलायला लागली. दामिनीने आईला तोंडावर सांगून टाकलं, "माय, मले हा पोरगा आवडला. दुसरा पाहू नको." सुशिलाबाईंनी खोटं खोटं रागावून दाखवलं आणि बाहेर जाऊन सगळ्या गल्लीला सांगितलं.

बैठक ओमेशच्याच घरी झाली, दिवाळीच्या आधी. भूपेंद्रकडून त्याचे वडील मनिराम, काका नंदलाल आणि आणखी दहाबारा माणसं आली. पाटावर दोन मोबाईल ठेवले. केशोरावांनी आपल्या हाताने कोड टाकले आणि "एक, दोन, तीन" म्हटलं. दामिनीने तीन ऐकताच दाबलं. भूपेंद्रचं बोट नखभर मागे राहिलं. त्याने तिच्याकडे बघितलं होतं ना, म्हणून.

केशोरावांनी चष्मा पुसला आणि भूपेंद्रचा मोबाईल उचलला. "भूपेंद्र. वाहक." मनिरामजींचा चेहरा उतरला, पण कुणी घाबरलं नाही. एकच वाहक असला तर लग्नाला अडचण नसते, हे सगळ्यांना पाठ होतं. मग त्यांनी दामिनीचा उचलला. चष्मा काढून पुन्हा पुसला. "दामिनी," ते म्हणाले. "वाहक."

झालं. सुपारी ताटात तशीच राहिली. माणसं अर्धा चहा टाकून उठली. नंदलालने तेवढ्यात दोन्ही मोबाईलचा फोटो काढून घेतला, पुरावा म्हणून. दामिनी पाटासमोरून हललीच नाही. तिला आत न्यायला सुशिलाबाईंना दोन्ही हातांनी धरून उठवावं लागलं.

ओमेशच्या डोक्यात शिरेचना. त्याने तिथंच, उभ्या उभ्या, दामिनीचा रिपोर्ट पुन्हा उघडला. नॉर्मल. पुन्हा उघडला. नॉर्मल! तो चप्पल न घालता रस्त्यावर धावला. पाहुण्यांची गाडी सुरू झाली होती. त्याने काचेतून मोबाईल आत घातला. "काकाजी, पाहा ना! नॉर्मल आहे. मघाशी काहीतरी गडबड झाली."

नंदलालने मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही. "साइट कोनाची?"

"माही."

"मंग झालं तं," नंदलाल म्हणाला. "बैठकीत वाहक होती, घराबाहेर येऊस्तोवर नॉर्मल झाली. चांगलीच जादू आहे बापा तुह्या हातात." आणि काच वर गेली.

इथं ओमेशच्या पायाखालची जमीन सरकली. बहीण निर्दोष आहे हे दाखवणारी एकच जागा होती, आणि त्या जागेची किल्ली त्याच्याच खिशात होती. तो जितकं ओरडून सांगेल तितका तो खोटा ठरणार होता. त्याने दामिनीचं रक्त दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये तपासून आणलं. नॉर्मल. लोक म्हणाले, लॅबवाले सारे याचे दोस्त. इंद्रकुमारकडून सहीशिक्क्याचा कागद आणला. लोक म्हणाले, इंद्रकुमार तर याचाच माणूस. केशोरावांच्या पाया पडला. ते म्हणाले, "ओमेश, मी माह्या डोळ्यानं वाचलं. नंतर उघडून पाहू नये हाच तं नियम आहे. तुह्यासाठी मोडू का?" आठवडाभरात गावोगावी झालं, की साइटवाल्याने बहिणीचा रिपोर्ट बदलला. नुसती वाहक असती तर लोक विसरले असते. आता ती फसवणाऱ्या घरची पोरगी झाली.

एक भूपेंद्र तेवढा अजून फोन उचलत होता. तो दामिनीला म्हणाला, "घरचे ऐकून नाई राहिले. बाबूजीनं दुसरी पोरगी पाहून ठेवली आहे. तुह्या दादाले म्हन, असं कसं झालं ते सगळ्यायच्या समोर दाखवून दे. तुळशीच्या लग्नापर्यंत मी कसंबी थांबवून धरतो." दामिनीने हे ओमेशला शब्दन् शब्द सांगितलं. रडली नाही. "दादा, तू शोधशीन ना?" एवढंच म्हणाली.

तो शोधायला बसला. आणि काय सांगावं त्या शोधण्याचं! चोर घरातच असला की कुत्रंही भुंकत नाही, तशी गत. त्याने रिपोर्ट शंभरदा उघडला असेल, शंभरदा बरोबर आला. लॅबमध्ये नोंद चुकली असेल म्हणून इंद्रकुमारशी भांडला. नोंद बरोबर होती. मोबाईलने जुनं काही धरून ठेवलं असेल म्हणून दामिनीचा मोबाईल पुसून कोरा केला. तिचे भूपेंद्रबरोबरचे सगळे मेसेज त्यात गेले. हातातली बाकीची कामं त्याने टाकून दिली. लग्नाच्या हॉलवाला घरी येऊन बोंबलून गेला. बिसरामजी दारात उभे राहून विचारायचे, "सापडलं का रे?" आणि उत्तराची वाट न बघता जायचे. एकटा माणूस एकटा बसून एकेक रिपोर्ट उघडत होता, आणि एकट्याला ते कधीच दिसणार नव्हतं.

सापडलं ते सुशिलाबाईंमुळे, तेही चुकून. दुपारची बत्ती गेली होती, त्यामुळे घरचं नेटही बंद. सुशिलाबाईंची शुगर इंद्रकुमारकडेच तपासली होती. त्या ओमेशचा मोबाईल घेऊन त्याच्या मागे लागल्या होत्या, "माही शुगर पाहून दे ना रे." त्याने वैतागून त्यांचा कोड टाकून दिला, "हे घे, बत्ती आली का दाब." पलीकडे दामिनी स्वतःचा मोबाईल घेऊन बसली होती. तिला आता सवयच लागली होती. दिवसातून कितीदा तरी ती आपला रिपोर्ट उघडायची आणि नॉर्मल हा शब्द वाचून बंद करायची. पंखा फिरायला लागला, नेट आलं आणि दोघींनी एकदम दाबलं.

"दादा," दामिनी म्हणाली. तिचा आवाज असा काही लागला की ओमेश खुर्चीवरून उठलाच.

तिच्या मोबाईलवर वरती तिचं नाव होतं. खाली शुगर होती.

सुशिलाबाईंनी हातातला मोबाईल तिच्या मोबाईलशेजारी धरला. "काऊन व, ही तं माही शुगर. तुह्या फोनात कशी आली?"

ओमेशने लॅपटॉप ओढला. काय बघायचं ते आता त्याला ठाऊक होतं, आणि बघायची भीती वाटत होती. साइटच्या फाइलीच्या अगदी वरती, सगळ्या कामांच्या बाहेर, त्याने स्वतःच्या हाताने एक जागा करून ठेवली होती. चालू रिपोर्ट. लॅबमधून आलेला रिपोर्ट आधी त्या जागेत ठेवायचा, मग पेशंटच्या नावाचं लेटरहेड आणायचं, सही आणायची, आणि शेवटी त्या जागेतून उचलून पान बनवायचं. साइट बनवायच्या घाईत हे सोपं पडलं होतं. एका माणसाने उघडला तर सगळं ठीक. पण पहिल्याचं लेटरहेड येईपर्यंत दुसऱ्याने उघडला, तर दुसऱ्याचा रिपोर्ट त्याच जागेत येऊन बसायचा. पहिल्याच्या नावाखाली दुसऱ्याचं रक्त. भूपेंद्रचं बोट नखभर मागे होतं. त्याचं वाहक दामिनीच्या नावाखाली जाऊन बसलं. चूक दुरुस्त करायला त्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. ती ओळ आत घेतली, ज्याची त्याला वेगळी जागा दिली, संपलं.

बिसरामजींना त्याने त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. "बाबूजी, मिलमंदी पाटी असते ना, कोनाचं धान चालू आहे त्याचं नाव लिवाले? समजा तुमचं नाव लिवलं, अन् तुमी पोतं आनाले बाहेर गेले. तेवढ्यात दुसरा आला, मिलवाल्यानं तुमचं पुसून त्याचं लिवलं. तुमी परत आले, त्यानं पाटी पाहून त्याचा तांदूळ तुमच्या पोत्यात भरला. तसं झालं."

बिसरामजींनी नीट ऐकून घेतलं. "मिलमंदी लोक एकामागून एक येतेत. तुह्या साइटवर?"

"एकदम येतेत."

"हे तुले मालूम होतं?"

ओमेशला खोटं बोलता आलं असतं. "होतं," तो म्हणाला. बिसरामजी उठले आणि गोठ्याकडे गेले. त्या दिवसापासून त्यांनी पोराच्या कामाबद्दल पुन्हा कधी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

तरी त्या दिवशी घरात आशा होती हो! जुनी, बिघडलेली साइट ओमेशने मुद्दाम लॅपटॉपवर जपून ठेवली, दाखवायला. दोन खोट्या नावांचे रिपोर्ट तयार केले, एक वाहक, एक नॉर्मल. तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं. दामिनीने त्याला चहा करून दिला आणि त्याच्या गाडीमागे गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली.

मनिरामजींच्या ओसरीवर केशोरावही आले होते. ओमेशने हातापाया पडून त्यांना बोलावलं होतं. एक मोबाईल त्याने केशोरावांच्या हातात दिला, एक नंदलालच्या. "तुमीच एक, दोन, तीन म्हना," तो म्हणाला. पहिल्यांदा दाबलं, दोन्ही बरोबर आले. दुसऱ्यांदा दाबलं, दोन्ही बरोबर. नंदलाल हसला, "आज जादू नाई चालून राहिली का गा?" ओमेशने दोन्ही मोबाईलवर पुन्हा कोड टाकले. "पुन्हा," तो म्हणाला. "अजून एकदा, तुमच्या पाया पडतो."

तिसऱ्यांदा झालं. दोन वेगळी नावं, आणि दोघांखाली वाहक. केशोरावांनी दोन्ही मोबाईल जवळ धरले, पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा तसंच आलं. "म्हंजे माह्या एक, दोन, तीननंच हे होत होतं," ते हळू म्हणाले. "त्या पाटावर मी किती सोयरिकी मोडल्या रे, ओमेश?"

कुणी आधी दाबलं, कुणी मागून, याची साइटने काही खूण ठेवलीच नव्हती.

मग मनिरामजी सावकाश म्हणाले, "म्हंजे आमच्या भूपेंद्रचं वाहक आलं, तेही खोटंच."

"नाही काकाजी," ओमेश घाईघाईने म्हणाला. "ते खरं आहे. ज्यानं मागून दाबलं त्याचं बरोबर येते. ज्यानं आधी दाबलं त्याचं चुकते. भूपेंद्रनं मागून..."

"वाहवा!" नंदलाल उसळला. "तुह्या बहिनीचं खोटं, अन् आमच्या पोराचं खरं! हे कोनं ठरवलं? तूच ना? आत्ताच तं तू आपल्या तोंडानं सांगतलं का तुही साइट खोटी आहे. सगळ्यायसमोर करून दाखवलं. मंग आता कोनतं खरं मानाचं?"

"तं दुसऱ्या लॅबमंदी तपासा. एकदा तपासून घ्या, मी हात जोडतो."

"आता कायले?" मनिरामजी म्हणाले. "डाग गेला. पुन्हा कायले शोधत बसाचं?"

भूपेंद्र दारात उभा होता. ओमेशने त्याच्याकडे बघितलं. अरे, तू तरी बोल! तूच तर म्हणाला होतास दाखवून दे म्हणून. पण भूपेंद्रने मान खाली घातली. त्याला वाहक व्हायचं नव्हतं, आणि आज कुणीतरी त्याच्या हातात तसं मानायचं कारण आणून दिलं होतं. ते त्याने घेतलं. माणूस दुसरं काय करणार, असं म्हणायला जीभ वळत नाही, पण खरं तेच आहे.

दामिनीचं काय, हे विचारायला ओमेशला धीर होईना. त्याने विचारलंच शेवटी. मनिरामजी म्हणाले, "पोरगी चांगलीच होती. पन ज्या घरानं आमच्या पोराले वाहक ठरवलं, त्या घरची सून कशी आनू? अन् तिकडं शब्द देऊन झाला आहे." केशोरावांनी उठता उठता हात झटकले. "आजपासून बैठकीत रिपोर्ट-बिपोर्ट बंद," ते म्हणाले. "मी पाप करून बसलो. ज्याचं त्यानं पाहावं." जो नियम इतक्या कष्टाने त्यांनी रुजवला होता, तो त्यांनी ओमेशच्या डोळ्यांदेखत उपटून टाकला. आणि उपटायला कारण ओमेशनेच नेऊन दिलं होतं.

भूपेंद्रची सुपारी फुटली ती नागरा गावच्या चंद्रकुमारच्या मुलीशी, दुर्गेश्वरीशी. कुठलाही मोबाईल पाटावर न ठेवता. घरी हे कळलं तेव्हा दामिनी पोरांच्या वह्या तपासत होती. तिने वही मिटली. "तिनं रक्त दिलं होतं का रे, दादा?"

"हाव. इंद्रकुमारकडंच. जुन्या नियमानं दिलं होतं, मंग कोनी उघडलंच नाई."

"तू पाहिला?"

परक्याचा रिपोर्ट उघडणं ही काही चांगली गोष्ट नाही, आणि ओमेशने तोवर कधी केली नव्हती. "पाहिला," तो म्हणाला.

तिने विचारलं नाही. त्याच्या तोंडावरून तिला कळलं. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मरू दे. ती म्हणाली, "जा. सांगून ये."

तो गेला. चंद्रकुमार धानाचे व्यापारी, बोलायला गोड. "अरे बाबू, तुह्या साइटवर खोटं दिसते हे तं तूच दाखवलं ना, केशोरावांच्या समोर?"

"ती आता दुरुस्त केली, काकाजी. आता बरोबर आहे."

"मंग तेव्हा कायले बरोबर नव्हती?" ओमेश दुसरीकडे तपासा म्हणाला, तर चंद्रकुमार हसले. पत्रिका छापून झाल्या, आता पोरीला टोचून काय करायचं. इंद्रकुमारला म्हटलं, तू त्यांच्याशी जाऊन बोल, तर तो उलट यालाच झापायला लागला, "मैंने रिपोर्ट सही दी थी. तुझ्या साइटने माझं नाव घालवलं. जो विचारायला येईल त्याला मी सांगीन, मी कुणाच्या दारात जाणार नाही." आरोग्य खात्याच्या आशा ताईंना सांगितलं. त्या बिचाऱ्या जाऊन आल्या. घरच्यांनी तपासून घेऊ म्हटलं आणि तपासलं नाही.

मग दामिनी स्वतः गेली. दुर्गेश्वरीला बाहेर बोलावलं, अंगणात उभी राहून सगळं सांगितलं. दुर्गेश्वरीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुमचं मोडलं याचं मलाही वाईट वाटते. पन असं नका करू." आतून तिची आत्या मोठ्याने बोलली, "जळून राहिली, दुसरं काय!" दामिनी घरी आली आणि हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागली. तिच्या हसण्याबद्दल आता सुशिलाबाईंना ओरडावं लागत नाही.

लग्न कुडव्याच्याच बाजूला, एका हॉलमध्ये झालं. त्याच हॉलमध्ये, ज्याचं बुकिंग ओमेशच्या साइटवर होतं. दुपारी बँडचा आवाज घरापर्यंत येत होता. ओमेश खोलीत बसला होता. त्याने आपला मोबाईल पलंगावर ठेवला आणि त्यात भूपेंद्रचा कोड टाकला. दामिनी दारात येऊन उभी राहिली. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने आपला मोबाईल काढून त्याच्या शेजारी ठेवला, आणि त्याने त्यात दुर्गेश्वरीचा कोड टाकला.

इतके दिवस त्याने देवाला एकच मागितलं होतं, साइट बरोबर चालू दे. आज त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, की ती चुकावी. कुठेतरी अजून एखादी ओळ बाहेर राहून गेलेली असावी. एकाचं दुसऱ्याच्या नावाखाली गेलेलं असावं.

"एक, दोन, तीन," दामिनी म्हणाली. दोघांनी एकदम दाबलं.

भूपेंद्र, वाहक. दुर्गेश्वरी, वाहक.

"पुन्हा," दामिनी म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मग तिने आधी आणि त्याने मागून, मग त्याने आधी आणि तिने मागून. बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली होती. कसंही दाबलं तरी साइट आता एकदम बरोबर चालत होती.